इंग्रजीतील सौम्योक्ती : स्वरूप, प्रकार आणि अभ्यासाची गरज

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• सौम्योक्ती या संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• इंग्रजी भाषेत सौम्योक्ती कोणत्या कारणांनी आणि कोणत्या रीतींनी निर्माण होतात, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• सौम्य शब्दाचा सौम्यपणा काळाच्या ओघात का झिजतो, याची मीमांसा करता येईल.
• ऐकणाऱ्याला जपणारी सौम्योक्ती आणि बोलणाऱ्याची जबाबदारी झाकणारी सौम्योक्ती यांतील भेद ओळखता येईल.
• इंग्रजी मजकूर वाचताना व त्याचे मराठीत भाषांतर करताना सौम्योक्तींचा योग्य विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, परक्या भाषेचा अभ्यास सुरू केला की आपले पहिले लक्ष शब्दसंग्रह आणि व्याकरण यांकडे जाते. ही दोन्ही साधने हाती आली की भाषा येऊ लागली, असे आपण समजतो. परंतु सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्याचा आशय हाती लागत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. 'वुई हॅव डिसायडेड टु लेट यू गो' या वाक्यातील एकही शब्द अवघड नाही. शब्दशः पाहिल्यास 'आम्ही तुम्हाला जाऊ द्यायचे ठरवले आहे' एवढाच त्याचा अर्थ होतो. जणू कोणी रजाच मंजूर केली आहे. प्रत्यक्षात हे वाक्य ज्याला उद्देशून लिहिले जाते, त्याची नोकरी गेलेली असते.

'वुई विल नाऊ कीप हिम कम्फर्टेबल' हे रुग्णालयात उच्चारले जाणारे वाक्यही असेच आहे. 'आता आम्ही त्यांना आराम वाटेल असे पाहू' हा त्याचा वरवरचा अर्थ दिलासा देणारा वाटतो. पण गंभीर आजाराच्या अखेरच्या टप्प्यात डॉक्टर असे म्हणतात, तेव्हा रोग बरा करण्याचे उपचार थांबले असून यापुढे केवळ वेदना कमी करण्याचे प्रयत्न होतील, असे ते सांगत असतात. हा अर्थ ज्या नातेवाइकाला कळत नाही, तो रुग्ण सुधारत असल्याच्या समजुतीत राहतो आणि निरोपाचे अखेरचे दिवस त्याच्या हातून निसटतात.

या दोन्ही वाक्यांत वक्त्याने खोटे काहीच सांगितलेले नाही. त्याने अप्रिय गोष्टीसाठी सुसह्य शब्द योजला आहे, इतकेच. अशा शब्दयोजनेला मराठीत सौम्योक्ती किंवा शिष्टोक्ती असे म्हणतात. या घटकात आपण इंग्रजीतील सौम्योक्तींचा परिचय करून घेणार आहोत आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यांकडे विशेष लक्ष का द्यावे, याचाही विचार करणार आहोत.

२. संकल्पना आणि स्वरूप

२.१ अर्थ
सौम्योक्तीसाठी इंग्रजीत वापरला जाणारा 'यूफेमिझम' हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे. 'यू' म्हणजे चांगले आणि 'फेमे' म्हणजे बोलणे. धर्मविधीच्या प्रसंगी अशुभ शब्द तोंडून निघू नयेत म्हणून केवळ शुभ बोलावे किंवा मौन पाळावे, असा संकेत प्राचीन ग्रीकांमध्ये होता. या संकेतातून ही संकल्पना घडली. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात स्थिरावला; टॉमस ब्लाउंट याच्या १६५६ मधील कोशात त्याची नोंद आढळते.

समाजात जी गोष्ट भीतिदायक, लज्जास्पद, दुःखद किंवा अप्रिय मानली जाते, तिचा थेट उच्चार टाळून तिच्याऐवजी कमी बोचणारा शब्द योजणे म्हणजे सौम्योक्ती, अशी तिची व्याख्या करता येईल.

२.२ एकाच गोष्टीची तीन रूपे
एखादी गोष्ट बोलण्याच्या ढोबळमानाने तीन पातळ्या असतात. 'पास अवे' हा सौम्य शब्द, 'डाय' हा सरळ शब्द आणि 'किक द बकेट' हा हेटाळणीचा वा थट्टेचा शब्द. मराठीत 'देवाज्ञा होणे', 'मरणे' आणि 'गचकणे' अशी त्रयी सहज आठवते. तिन्हींचा निर्देश एकाच घटनेकडे असला, तरी बोलणाऱ्याची वृत्ती तिन्हींत वेगवेगळी आहे. यांपैकी तिसऱ्या प्रकाराला आपण कटूक्ती म्हणू. कीथ ॲलन आणि केट बरिज या भाषाभ्यासकांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात सौम्योक्ती आणि कटूक्ती यांचा एकत्रित विचार केला आहे. पहिलीला त्यांनी ढालीची आणि दुसरीला शस्त्राची उपमा दिली. ही उपमा आपल्याला पुढेही उपयोगी पडणार आहे.

२.३ प्रसंगसापेक्षता
कोणताही शब्द स्वतःहून सौम्योक्ती नसतो. प्रसंग त्याला तसे बनवतो. 'स्लीप' म्हणजे झोपणे. परंतु पशुवैद्य जेव्हा आजारी कुत्र्याला 'पुट टु स्लीप' करावे लागेल असे सांगतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ वेदनारहित मृत्यू देणे असा होतो. म्हणून सौम्योक्तीचा अर्थ लावताना केवळ शब्दकोश पुरत नाही. कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे पाहावे लागते.

२.४ पर्यायोक्ती आणि सौम्योक्ती
अलंकारविचारात आपण पर्यायोक्तीचा अभ्यास केला आहे. तुरुंगात असलेल्या माणसाविषयी 'तो सरकारी पाहुणचार घेत आहे' असे म्हटले, की ती पर्यायोक्ती होते. आडवळणाने बोलणे हा दोहोंमधील समान धागा आहे. मात्र पर्यायोक्तीचा भर उक्तीच्या चमत्कृतीवर असतो. सौम्योक्तीला लक्ष वेधून घ्यायचे नसते. ती जितकी सहज खपून जाईल, तितकी यशस्वी होते. तिच्यापासून सावध राहणे कठीण का असते, याचे उत्तर इथेच मिळते.

३. सौम्योक्तींच्या उगमाची कारणे

३.१ भय
नाव घेतले की ती वस्तू प्रकट होते, ही समजूत फार जुनी आहे. संस्कृतातील 'ऋक्ष', ग्रीकमधील 'आर्क्टोस' आणि लॅटिनमधील 'उर्सुस' हे अस्वलाचे वाचक शब्द एकाच मूळ शब्दापासून आले आहेत. इंग्रजी ज्या जर्मानिक गटात मोडते, त्या गटातून मात्र हा शब्द नाहीसा झाला. 'बेअर' या शब्दाचा मूळ अर्थ 'तपकिरी रंगाचा' असा असावा, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. अरण्यात राहणाऱ्या लोकांनी अस्वलाचे खरे नाव घेणे टाळले आणि ते नाव पुढे कायमचे विसरले गेले, अशी या बदलाची उपपत्ती लावली जाते. रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणण्याचा आणि एका भयंकर रोगाला 'देवी' म्हणण्याचा मराठी प्रघात लक्षात घेतला, तर ही उपपत्ती आपणांस परकी वाटणार नाही.

मृत्यूचे भय तर सर्वव्यापी आहे. 'सेमेटरी' म्हणजे दफनभूमी. हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थ 'झोपण्याची जागा' असा होतो. ईश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, या धर्माज्ञेच्या धाकाने 'गॉड'चे 'गॉश' किंवा 'गॉली' झाले आणि 'हेल'चे 'हेक' झाले.

३.२ लज्जा
शरीर, लैंगिकता आणि उत्सर्जन यांविषयीचा संकोच हे दुसरे मोठे कारण आहे. कोंबड्यासाठी इंग्रजीत 'कॉक' हा जुना शब्द होता. त्याला अश्लील अर्थ चिकटल्यामुळे अमेरिकेत त्याच्या जागी 'रूस्टर', म्हणजे आढ्यावर बसणारा, हा शब्द रूढ झाला. एकोणिसाव्या शतकातील सभ्य समाजात 'लेग' म्हणजे पाय हा शब्दही धीट वाटे, म्हणून 'लिंब' म्हणजे अवयव असे म्हटले जाई. टॉमस बाउडलर याच्या नावे १८१८ मध्ये दहा खंडांत निघालेल्या शेक्सपिअरच्या आवृत्तीतून कुटुंबात मोठ्याने वाचता न येण्याजोगे शब्द वगळण्यात आले होते. त्याच्या नावावरून 'बाउडलराइझ' हे क्रियापदच इंग्रजीत तयार झाले.

३.३ सहानुभूती आणि आदर
समोरच्याचे दुःख वाढू नये किंवा त्याला कमीपणा वाटू नये, या भावनेतूनही सौम्योक्ती जन्मतात. वृद्धांना 'सीनिअर सिटिझन' म्हणणे, शोकपत्रात 'लॉस' म्हणजे हानी या शब्दाने मृत्यूचा निर्देश करणे, ही याची उदाहरणे होत. 'आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस' हे वाक्य व्यापारातील तोट्याविषयी नसून सांत्वनाचे आहे, हे नवख्या अभ्यासकाला शिकावे लागते.

३.४ प्रतिष्ठा आणि स्वार्थ
वस्तू विकली जावी, व्यवसायाला मान मिळावा किंवा दोष झाकला जावा, यासाठीही सौम्य शब्द घडवले जातात. जुनी मोटार 'यूज्ड' न राहता 'प्री-ओन्ड' होते. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याला पूर्वी 'अंडरटेकर' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ 'काम अंगावर घेणारा' एवढाच होता, म्हणजे तोही एके काळी सौम्यच होता. पुढे त्यालाही मृत्यूची छाया लागली, तेव्हा अमेरिकेतील व्यावसायिकांनी १८९५ च्या सुमारास 'मॉर्टिशियन' हा शब्द घडवला. 'फ्यूनरल डिरेक्टर' हे नावही याच प्रवृत्तीतून पुढे आले.

४. सौम्योक्ती घडवण्याच्या रीती

इंग्रजीत सौम्योक्ती प्रामुख्याने पुढील रीतींनी घडतात.

अ) परभाषेतील शब्दांचा स्वीकार : इंग्रजीच्या घरगुती शब्दांपेक्षा लॅटिन, ग्रीक व फ्रेंच मुळांचे शब्द दूरस्थ आणि म्हणून सभ्य वाटतात. घामासाठी 'स्वेट'ऐवजी 'पर्स्पिरेशन' हा शब्द याच कारणाने निवडला जातो. मराठीत हेच काम संस्कृत शब्द करतात; 'मूत्रविसर्जन', 'रजोदर्शन' हे शब्द आठवून पाहावेत.

आ) रूपक : मृत्यू म्हणजे प्रवास, झोप किंवा विश्रांती, अशी कल्पना करणे. 'पास अवे', 'डिपार्टेड', 'लेड टु रेस्ट' हे प्रयोग या प्रकारचे आहेत.

इ) अर्थाचे व्यापकीकरण : विशिष्ट शब्द टाळून सर्वसाधारण शब्द योजणे. आजाराला 'कंडिशन' म्हणजे स्थिती, मारहाणीला किंवा घातपाताला 'इन्सिडेंट' म्हणजे घटना म्हणणे.

ई) न्यूनोक्ती आणि नकार : 'स्टुपिड' न म्हणता 'नॉट व्हेरी ब्राइट' म्हणणे, 'खोटे' न म्हणता 'लेस दॅन ऑनेस्ट' म्हणणे.

उ) आद्याक्षरे : शब्द पूर्ण न उच्चारता अक्षरांनी भागवणे. कर्करोगासाठी 'द बिग सी' आणि बँकेच्या भाषेतील 'एनपीए' ही परिचित उदाहरणे होत.

ऊ) ध्वनिबदल : 'डॅम' या शिवीवजा शब्दाचे 'डार्न' करणे. मूळ शब्दाची आठवण राहते, पण उच्चाराचा दोष लागत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
मराठीत 'बांगडी फुटली' न म्हणता 'बांगडी वाढवली' म्हणतात. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात. वरीलपैकी कोणती रीत या प्रयोगांना लागू पडते? की त्यांसाठी 'विपरीत शब्दयोजना' अशी स्वतंत्र रीत मानावी लागेल? आपले मत कारणांसह लिहा.

५. सौम्यपणाची झीज

सौम्योक्तींविषयीची एक महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या टिकत नाहीत. 'टॉयलेट' या शब्दाचा प्रवास पाहा. फ्रेंच भाषेत 'त्वालेत' म्हणजे लहानसे कापड. पुढे ते कापड ज्या मेजावर अंथरत ते शृंगाराचे मेज, मग शृंगाराची क्रिया, मग त्या क्रियेची खोली आणि अखेरीस शौचकूप, असा या शब्दाचा अर्थ सरकत गेला. 'लॅव्हेटरी'च्या मुळाशी धुणे आहे, 'बाथरूम'मध्ये स्नान आहे, 'रेस्टरूम'मध्ये विश्रांती आहे. प्रत्येक पिढीने नवा आडपडदा शोधला आणि प्रत्येक पडदा यथावकाश पारदर्शक झाला.

मराठीतील 'शौच' या शब्दाची कथा याहून वेगळी नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत 'शौच' हा पाच नियमांपैकी पहिला नियम आहे आणि तिथे त्याचा अर्थ शुद्धी असा आहे. आज हाच शब्द चारचौघांत उच्चारताना संकोच वाटतो, म्हणून 'स्वच्छतागृह' आणि 'प्रसाधनगृह' हे शब्द पुढे आले आहेत.

या प्रक्रियेला भाषावैज्ञानिक स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ मध्ये जे नाव दिले, त्याचा भावार्थ 'सौम्योक्तींचे पायचक्र' असा सांगता येईल. माणूस चालत राहतो, पण पुढे सरकत नाही. शब्द बदलला तरी त्या गोष्टीविषयीची समाजाची धारणा बदललेली नसते. त्यामुळे जुन्या शब्दाला चिकटलेला तिटकारा लवकरच नव्या शब्दाला चिकटतो.

बौद्धिक अक्षमतेसाठी वापरल्या गेलेल्या शब्दांचा इतिहास या दृष्टीने अस्वस्थ करणारा आहे. 'इडियट' आणि 'इम्बेसाइल' हे विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकीय वर्गीकरणातील शब्द होते. हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये त्यांच्या जोडीला 'मोरॉन' हा शब्द आणला. तिन्ही शब्द पाहता पाहता शिव्या बनले. त्यांच्यानंतर आलेला 'मेंटली रिटार्डेड' हा शब्द मूलतः 'मंदगती' एवढेच सांगणारा होता. त्याचीही तीच गत झाली. अखेर अमेरिकेत २०१० मध्ये 'रोझाज लॉ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने केंद्रीय कायद्यांतून तो काढून टाकला आणि 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' हा शब्द स्वीकारला.

आपल्याकडे 'अपंग', 'विकलांग' आणि 'दिव्यांग' हा क्रम आपण पाहिला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पुढे तो शासनव्यवहारात रूढ झाला. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांनी मात्र त्यावर आक्षेप घेतला. दैवी अवयवांचा गौरव करून जिन्याशेजारी उतार बांधला जात नाही, असा त्या आक्षेपाचा आशय होता. शब्दाने सन्मान मिळतो की सन्मानाची जागा शब्दच घेतो, हा प्रश्न अभ्यासकाने नेहमी विचारावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक नवा शब्द ही सौम्योक्तीच असते असे नाही; काही वेळा तो अधिक अचूक असतो. आत्महत्येसाठी इंग्रजीत 'कमिट सुइसाइड' असे म्हटले जाई. 'कमिट' हे क्रियापद गुन्ह्यांसाठी वापरतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६१ च्या कायद्याने आत्महत्या हा गुन्हा राहिला नाही. म्हणून आता 'डाइड बाय सुइसाइड' हा प्रयोग सुचवला जातो. त्यात मृत्यू झाकलेला नाही, कारणही झाकलेले नाही. केवळ गुन्ह्याचा आरोप काढून घेतलेला आहे.

६. सार्वजनिक व्यवहारातील सौम्योक्ती

जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्या संबंधावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. निराधार खेड्यांवर बॉम्ब टाकण्याला 'पॅसिफिकेशन' म्हणजे शांतता प्रस्थापित करणे म्हटले, की वाचकाच्या डोळ्यांसमोर जळणारी घरे उभी राहत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. शब्द अमूर्त झाला की चित्र पुसले जाते आणि चित्र पुसले गेले की विवेकाला टोचणी लागत नाही.

पुढील काळाने या विवेचनाला भरपूर पुरावे पुरवले. अमेरिकेच्या युद्धखात्याची १९४७ मध्ये पुनर्रचना झाली आणि १९४९ मध्ये सर्व सेनादलांच्या एकत्रित खात्याला 'संरक्षण' हे नाव मिळाले. युद्धात मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांसाठी 'कोलॅटरल डॅमेज' म्हणजे आनुषंगिक हानी हा शब्द रूढ झाला. १९९१ च्या आखाती युद्धात तो जगभर ऐकू आला. 'डॅमेज' हा शब्द एरवी इमारतीच्या किंवा सामानाच्या नुकसानीसाठी वापरतात. २००१ नंतर अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने कैद्यांना बुडण्याचा अनुभव देणे, दीर्घकाळ झोपू न देणे अशा कृत्यांना 'एन्हान्स्ड इंटरॉगेशन' म्हणजे वर्धित चौकशी असे नाव दिले. त्यांना छळ म्हटले असते तर कायदा आड आला असता. शब्दाची निवड इथे केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

सभ्यतेच्या मर्यादा सांभाळून विनोद साधणारी सौम्योक्तीही राजकारणात आढळते. ब्रिटिश संसदेत दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही. विन्स्टन चर्चिल यांनी १९०६ मध्ये 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड', म्हणजे पारिभाषिक अयथार्थता, असा शब्द योजला आणि तो असत्याची सौम्योक्ती म्हणून अजरामर झाला. १९८६ मध्ये ब्रिटिश सनदी अधिकारी रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी ऑस्ट्रेलियातील एका खटल्यात साक्ष देताना सत्याच्या बाबतीत काटकसर करण्याचा उल्लेख केला. तेव्हापासून हा वाक्प्रयोग ब्रिटिश पत्रकारितेत अर्धसत्यासाठी सर्रास वापरला जातो.

अर्थव्यवहारातही हेच दिसते. बाजार कोसळला की 'करेक्शन' म्हणजे दुरुस्ती झाली असे म्हणतात. उत्पन्न घटले की 'निगेटिव्ह ग्रोथ' म्हणजे उणे वाढ होते. कर्जाचे मुद्दल वा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले, की आपल्या बँका त्या कर्जाला 'नॉन-परफॉर्मिंग ॲसेट' म्हणजे अनुत्पादक मालमत्ता मानतात. थकलेल्या कर्जासाठी 'मालमत्ता' हा शब्द ऐकून सामान्य खातेदार चकित होतो. बँकेच्या हिशेबात दिलेले कर्ज ही मालमत्ताच असते, त्यामुळे ही संज्ञा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु ज्या ठेवीदाराचे पैसे तिथे आहेत, त्याला 'थकीत कर्ज' हाच शब्द परिस्थितीची खरी कल्पना देतो.

यावरून एक उपयुक्त कसोटी हाती येते. सौम्योक्ती ही ढाल आहे, हे आपण पाहिले. मग ती ढाल कोणासमोर धरलेली आहे? शोकग्रस्त माणसाशी बोलताना वापरलेला 'पास अवे' ऐकणाऱ्याला जपतो. 'कोलॅटरल डॅमेज' मात्र बॉम्ब टाकणाऱ्याला जपतो. ज्यांची माणसे मेली, त्यांचे दुःख त्याने तसूभरही कमी होत नाही. पहिली सौम्योक्ती ही सभ्यता आहे, दुसरी जबाबदारीपासूनची पळवाट आहे. रूप सारखे असले तरी दोहोंचे नैतिक मूल्य सारखे नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
'स्टाफ रिस्ट्रक्चरिंग', 'स्पेशल नीड्स', 'फ्रेंडली फायर' आणि 'करेक्शनल फॅसिलिटी' या प्रयोगांना वरील कसोटी लावा. प्रत्येकात कोण जपले जात आहे?

७. अभ्यासकाने सौम्योक्ती का शिकाव्यात?

७.१ अर्थाचे अचूक आकलन
सौम्योक्ती न समजल्यास होणारे नुकसान प्रत्यक्ष असते. नोकरी जाण्यासाठी ब्रिटनमध्ये 'लेट गो', 'डिसमिस्ड' आणि 'मेड रिडन्डंट' असे वेगवेगळे प्रयोग होतात. 'लेट गो' मोघम आहे, 'डिसमिस्ड' म्हणजे काढून टाकलेला. 'रिडन्डंट' म्हणजे ते पदच उरले नाही म्हणून कमी केलेला. हा शेवटचा शब्द ऐकायला सौम्य असला तरी कायद्यात त्याला निश्चित अर्थ आहे. सलग दोन वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला त्यामुळे भरपाईचा हक्क मिळतो. म्हणजे कोणता सौम्य शब्द निव्वळ शिष्टाचार आहे आणि कोणता हक्काशी निगडित आहे, हे कळणे ही उपजीविकेशी संबंधित गोष्ट आहे.

७.२ प्रसंगानुरूप भाषाव्यवहार
व्याकरणशुद्ध बोलणे आणि उचित बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांत्वनाच्या पत्रात 'युअर फादर इज डेड' असे लिहिण्यात व्याकरणाची चूक नाही, पण ते वाक्य वाचणाऱ्याला धक्का देते. भारतीय इंग्रजीत आपण 'हिज फादर एक्स्पायर्ड' असे सहज म्हणतो आणि त्यात आदरच असतो. ब्रिटिश किंवा अमेरिकी श्रोत्याला मात्र 'एक्स्पायर्ड' म्हटले की पारपत्राची किंवा औषधाची मुदत संपल्याची आठवण होते. एकाच भाषेच्या दोन प्रदेशांत सौम्योक्ती वेगळ्या असतात, हे यावरून दिसते.

७.३ चिकित्सक वाचन
वृत्तपत्र, शासकीय निवेदन, विम्याची कागदपत्रे, कंपनीचे पत्र या सर्वांत सौम्योक्ती पेरलेल्या असतात. त्या ओळखणारा वाचक शब्दापाशी थांबतो आणि 'नेमके काय घडले? कोणी केले? कोणाला भोगावे लागले?' हे तीन प्रश्न विचारतो. लोकशाहीतील नागरिकाला या सवयीची गरज आहे.

७.४ समाजाचे आकलन
कोणता समाज कशाला घाबरतो आणि कशाची लाज बाळगतो, हे त्याच्या सौम्योक्ती सांगतात. मासिक पाळीसाठी मराठीत 'कावळा शिवणे', 'बाहेर बसणे', 'अडचण' असे शब्द होते. त्यांत स्त्रीच्या शरीराविषयीचा विटाळाचा विचार गोठलेला आहे. 'मासिक पाळी' हा सरळ शब्द शाळेत आणि आरोग्यकेंद्रात मोकळेपणाने उच्चारला जाऊ लागला, हा भाषेइतकाच समाजातीलही बदल आहे.

८. भाषांतर आणि सौम्योक्ती

मराठीच्या विद्यार्थ्याला भाषांतराच्या निमित्ताने सौम्योक्तींशी थेट सामना करावा लागतो. त्यासाठी पुढील सूत्रे ध्यानात ठेवावीत.

पहिले सूत्र असे, की शब्दाचे नव्हे तर पातळीचे भाषांतर करावे. 'पास्ड अवे'चे 'दूर निघून गेले' असे रूपांतर हास्यास्पद ठरेल. तिथे 'निधन झाले' किंवा प्रसंगानुसार 'वारले' हा शब्द योग्य. कथेतील पात्राने कटूक्ती वापरली असेल, तर भाषांतरातही तिचा कडवटपणा राहिला पाहिजे.

दुसरे सूत्र असे, की मुळात सौम्योक्ती नसेल तर भाषांतरकाराने ती घालू नये. लेखकाने जाणीवपूर्वक सरळ शब्द लिहिला असेल, तर तो सौम्य करणे म्हणजे बाउडलरचा मार्ग पत्करणे होय.

तिसरे सूत्र वृत्तलेखनासाठी आहे. सरकारच्या निवेदनातील 'कोलॅटरल डॅमेज'चे 'आनुषंगिक हानी' असे भाषांतर केले, की तो पडदा आपणही धरून उभे राहतो. शब्द निवेदनकर्त्याचा असल्याचे अवतरणाने स्पष्ट करावे आणि बातमीच्या स्वतःच्या भाषेत 'नागरिक ठार झाले' असे लिहावे.

९. समारोप

भय, लज्जा, सहानुभूती आणि स्वार्थ या चार प्रेरणांतून सौम्योक्ती जन्मतात, हे आपण या घटकात पाहिले. परकीय शब्द, रूपक, व्यापकीकरण, न्यूनोक्ती, आद्याक्षरे आणि ध्वनिबदल या रीतींनी त्या घडतात. समाजाची धारणा बदलली नाही तर त्यांचा सौम्यपणा झिजतो आणि नवा शब्द शोधावा लागतो. सौम्योक्ती सरसकट त्याज्य नाहीत. त्यांच्याविना दुःखाच्या प्रसंगी बोलणेच अशक्य होईल. त्या सरसकट स्वीकारार्हही नाहीत. त्यांच्या आडोशाने माणसांच्या मृत्यूचे आकडे हिशेबाच्या वहीत नुकसान म्हणून मांडले जातात. म्हणून सौम्य शब्द समोर आला की त्यामागची गोष्ट आधी पाहावी, मग तो शब्द कोणाला जपतो हे पाहावे आणि त्यानंतरच तो वापरावा की नाकारावा हे ठरवावे. इंग्रजीच्या निमित्ताने लागलेली ही सवय मराठीच्या वाचनात आणि लेखनात अधिकच उपयोगी पडेल.

सरावासाठी स्वाध्याय

१. सौम्योक्ती, सरळ उक्ती आणि कटूक्ती यांतील फरक मराठी व इंग्रजी उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. 'सौम्योक्तींचे पायचक्र' ही कल्पना 'टॉयलेट' आणि 'शौच' या शब्दांच्या आधारे विशद करा.
३. 'नवा शब्द प्रत्येक वेळी सत्य झाकतोच असे नाही' या विधानाची चर्चा करा.
४. आपल्या परिसरातील एका आठवड्याची मराठी वृत्तपत्रे वाचून त्यांतील दहा सौम्योक्ती टिपा. प्रत्येकीसमोर सरळ शब्द लिहा आणि ती कोणाला जपते, हे एका वाक्यात नोंदवा.
५. आपल्या घरातील किंवा गावातील ज्येष्ठ व्यक्तींशी बोलून आजार, मृत्यू, सर्प आणि बाळंतपण यांविषयीचे जुने सौम्य शब्द संकलित करा. त्यांपैकी कोणते आज वापरात नाहीत आणि का, याविषयी दोनशे शब्दांत टिपण लिहा.